आठवी खेप

“सायब, बैलगाडीचं किती धरता वो?”

तंबूची खुंटी ठोकता ठोकता मी वर पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली एक बाई पदर डोक्यावर घट्ट धरून उभी होती. काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ग्रामपंचायतीचा शिक्का. बोरमाळच्या सरपंच, अनुसया खाडे. शिक्का घरी ठेवला की ग्रामसेवक घेऊन जातो, म्हणून त्या तो जिथं जातील तिथं बरोबर नेत.

“म्हणजे?” मी विचारलं.

“तुमच्या मोजणीत. मोटारीपरास बैलगाडी जास्ती का कमी?”

“जास्ती. ती हळू चालते, रस्ता अडवते. म्हणून आमच्या पुस्तकात एका बैलगाडीच्या कितीतरी मोटारी होतात.”

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. “ऐकलं का जोतीराम? सरकारात बी बैलाला मान हाय.”

जोतीराम आडके आमच्या खात्यातला मैलकुली. रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. मी त्याला मामा म्हणायचो. तो हसला नाही. त्याला बाईंचा रोख कळला होता. मला कळायला आणखी पाच मिनिटं लागली.

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची आहे. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो, सव्वीस वर्षांचा. समुद्रकाठचा माणूस त्या कोरड्या माळावर येऊन पडलेला, नोकरीत अजून कायम न झालेला, आणि आपण फार हुशार आहोत अशी पक्की खात्री असलेला. दुसऱ्या दिवशी, सोमवारपासून, बोरमाळ रस्त्याची वाहतूक गणना सुरू व्हायची होती. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा, सात दिवस तिथं बसायचं आणि जाईल येईल त्या प्रत्येक वाहनाची तक्त्यात रेघ मारायची. पाच रेघांची एक जुडी. एवढंच काम. पण त्या रेघांवर रस्त्याचं नशीब ठरायचं.

रस्त्यांनाही आमच्याकडे पायऱ्या असतात. सगळ्यांत खाली ग्रामीण मार्ग, त्यावर जिल्हा मार्ग, त्यावर राज्यमार्ग. राज्याचा पैसा वरून निघतो आणि पायरी पायरीनं झिरपत खाली येतो. तळाच्या पायरीपर्यंत पोचेतो त्यात दोन ट्रक मुरुम येईल एवढाच उरतो. बोरमाळचा रस्ता तळाला होता. तो एक पायरी वर चढला असता तर राज्याच्या निधीतून पूल मिळाला असता, आणि गावाला पूल हवा होता. तंबूपासून हाकेच्या अंतरावर ओढा आणि ओढ्यावर दगडी कमानीची जुनी मोरी. तिच्या डाव्या अंगाची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी मीच ती पाहून अहवाल लिहिला होता: मोरी भारवाहू वाहनांस धोकादायक, नवा पूल आवश्यक. अहवाल वर गेला आणि चार महिन्यांनी एका ओळीचा शेरा घेऊन परत आला. ‘वाहतूक नगण्य.’ तो शेरा मला फार लागला होता.

“किती भराय पायजे?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“दिवसाला सरासरी तीनशे.”

“आन् गेल्या साली किती भरलं हुतं?”

“एकशे सत्तर.”

त्या खाली बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. “सायब, चार साल झाली म्या सरपंच हाय. ह्या मोरीपायी बारा खेटं घातल्यात. दर साली तुमी म्हणता, रस्त्याला वाहनं न्हाईत. आवं, मोरी फुटायला आली म्हणून एस्टी बंद केली. एस्टी बंद म्हणून जीपवाला यीना. मंग वाहनं यायची कुठनं? आन् वाहनं न्हाईत म्हणून मोरी हुईना. ह्येला काय म्हणायचं?”

अहवाल परत आला तेव्हा मीही अगदी हेच बोललो होतो, फक्त शिव्या घालून.

“गावात वाहनं किती आहेत?” मी विचारलं.

“मामा, तुम्ही जरा पाणी आणता?” हेही मी त्याच दमात विचारलं. जोतीमामा माझ्याकडे बघत कळशी घेऊन गेला.

मग मी बाईंना सगळं सांगितलं. कोणत्या वाहनाचं किती वजन धरतात, मोटारसायकल कशी चिल्लर, ट्रॅक्टरला ट्रॉली लावली की तो कसा एकदम मोठ्या वाहनात जातो. तेच वाहन पुन्हा आलं तर आम्हाला पुन्हा रेघ मारावीच लागते, नंबर लिहायचा रकाना तक्त्यात नाही, हेही सांगितलं.

“फक्त रिकामी ट्रॉली फिरवू नका,” मी म्हणालो. “कोणी साहेब आला तर लगेच कळेल. काहीतरी भरा.”

“भरतू की. आन् तुमी मांडली का न्हाय ह्ये कसं कळायचं?”

“मांडली की मी हात वर करीन.”

बाई उठल्या. पाया पडायला वाकल्या तसा मी मागं सरलो. त्या क्षणी मी स्वतःवर इतका खूश होतो की आजही आठवलं की लाज वाटते.

सोमवारी सकाळी सातला पहिली बैलगाडी आली. तिच्यामागे दुसरी. मग गणपा शिंगाडेची जीप, मग दोन ट्रॅक्टर. अनुसयाबाईंनी पाळ्या लावल्या होत्या. कोणी कधी निघायचं, फाट्यापर्यंत जाऊन किती वेळानं परतायचं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. पण उन्हाळ्यात गावात येणाऱ्या टँकरच्या खेपा त्या पंचायतीच्या भिंतीवर कोळशानं अशाच पाच-पाचांच्या जुड्यांनी मांडत, आणि त्या हिशेबावरून त्यांनी एका टँकरवाल्याला गावासमोर उभा केला होता.

सगळ्यांत जास्त खेपा पोपटच्या. पोपट म्हणजे अनुसयाबाईंचा थोरला मुलगा. तिशीचा, दाट मिशांचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, घरचा ट्रॅक्टर तोच चालवायचा. ट्रॉलीत कडबा भरलेला. तंबूसमोर आला की वेग कमी करायचा आणि ओरडायचा, “सायब, तिसरी!”

मामा रेघ मारायचा, मी हात वर करायचो.

“हात वर झाल्याबिगर फुडं जाऊ नगं, असं आईनं सांगितलंय,” तो एकदा थांबून म्हणाला. “सरपंचाचा हुकूम. न्हायतर रातची भाकरी बंद.”

“कडबा कुठं चाललाय एवढा?”

“फाट्यापत्तूर. आन् फाट्यावरनं घरी. आमच्या बैलांस्नी फिरलेला कडबा लई आवडतुया.”

जोतीमामासुद्धा त्यावर हसला. पण संध्याकाळी तक्त्याची बेरीज केली तेव्हा तो म्हणाला, “सायेब, मोरीवर बोजा वाढतुया.”

“कडब्याचं काय ओझं असतं मामा?”

“कडब्याचं न्हाई म्हणत मी. चाकांचं म्हणतुया. सकाळधरनं शंभरदा चाक गेलं तिच्यावरनं. डाव्या अंगाची माती निघाली.”

“सात दिवसांचा प्रश्न आहे. मग पूलच होईल.”

सोमवारी तीनशे चाळीस भरले. मंगळवारी तीनशे पस्तीस, बुधवारी त्याहून जास्त. त्या तीन दिवसांत गावाला जत्रेसारखा हुरूप आला होता. बायका आम्हाला दुपारी भाकरी, ठेचा, हुलग्याची उसळ आणून द्यायच्या. मी पहिल्यांदाच त्या माळावर पोटभर जेवलो.

गुरुवारी सकाळी आमचे उपअभियंता आले. इनामदार साहेब. जीप सावलीला लावून ते तंबूत शिरले, तक्ते मागून घेतले आणि उभ्या उभ्याच चाळले.

“परुळेकर, गावाला लॉटरी लागली का रे?”

“लग्नसराई आहे साहेब.”

“असेल.” त्यांनी चष्मा पुसला. “आमच्या वेळी लग्नाला वऱ्हाड जायचं ते परत यायचं. इथं दिवसभर जातंच आहे वाटतं.”

बाहेरून एक बैलगाडी गेली. साहेबांनी गाडीवानाकडे नीट पाहून घेतलं.

“शेजारच्या विभागात दोन पोरं घरी बसलीत,” ते म्हणाले. “ह्याच कारणानं. वरून भरारी पथक आलं, दोन तास झाडाखाली बसलं आणि तीच जीप पाच वेळा मोजली. तू अजून कायम झालेला नाहीस ना?”

“नाही.”

“आणि लग्न ठरलंय म्हणतात.”

“हो.”

“मी काही पाहिलेलं नाही. हे तीन दिवस राहू देत. पण पुढचं जपून.” जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला वाचवायलाच चक्कर मारली होती.

जीपची धूळ बसली तसा जोतीमामा म्हणाला, “आता वो?”

“आता काय. बसायचं. तक्ता माझ्याकडे द्या, आजपासून मी भरतो.”

त्यानं पॅड आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तंबूबाहेर जाऊन कडुनिंबाखाली पाठ करून बसला. पुढचे दोन दिवस तो फारसा आत आला नाही.

दिवसभर गाड्या येत राहिल्या. पोपट ओरडत राहिला आणि मी हात वर करत राहिलो. संध्याकाळी अनुसयाबाई स्वतः भाकरी घेऊन आल्या.

“सायब आल्तं म्हणं?”

“आले होते. नेहमीची तपासणी.”

“काय म्हणलं?”

“काही नाही. आकडे पाहिले आणि गेले.”

“आज किती भरलं?”

“चांगलं भरलंय,” मी म्हणालो. भाकरी हातात होती, ती मी खाल्ली.

शुक्रवारी पोपटची पहिली खेप आली तेव्हा इंजिनाचा आवाज वेगळा लागला. मी बाहेर आलो. ट्रॉलीत काठोकाठ दगड होते. काळे, फोडलेले, एकेक मण-दीड मणाचा.

“हे काय?”

“इहिरीचं दगड. खोदाईत निघालेलं.” पोपट खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “काल तुमचं सायब बघून गेलं न्हवं. मंग म्हणलं, कडब्याची ट्रॉली किती येळा इकडनं तिकडं जानार? माणूस शाना असंल तर वळखंल. दगड म्हंजी कसं, कुणाचं तरी बांधकाम चाललंय. कुणी इचारत न्हाय.”

“उतरवतोस कुठं?”

“उतरवतुय कशाला? उतरवलं की परत भराय लागत्याल की!” तो मोठ्यानं हसला. “सायब, पहिली!”

मी हात वर केला.

इथं मला थांबून सांगितलं पाहिजे. ती मोरी मी आतून पाहिली होती. पावसाळ्यानंतर कमानीखाली वाकून शिरलो होतो, सांध्यांत बोट घालून चुना कसा भुगा होऊन पडतो ते पाहिलं होतं. त्या जिल्ह्यात त्या मोरीला माझ्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. दगड भरलेली ट्रॉली तिच्यावरून जाऊ नये हे सांगायला आणखी कोणाची गरज नव्हती. मी म्हणालो ते एवढंच, “जपून जा रे.”

“आवं, आपलीच मोरी हाय,” तो म्हणाला.

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. बाराच्या सुमाराला तो तासभर घरी जाऊन जेवून आला. सहावीला त्यानं मला कलिंगडाची फोड दिली. सातवीला मी झोपेला आलो होतो, तरी हात वर केला.

दोनच्या पुढे केव्हातरी तो पुन्हा गेला. “सायब, आठवी!” असं ओरडला. मी हात वर केला. फाट्यावरून वळून तो परत गावाकडे निघाला, तंबूवरून पुढे गेला. मी डोळे मिटले असतील नसतील, तोच आवाज झाला. फार मोठा नव्हता. आधी दगड एकमेकांवर घासल्याचा, मग इंजिन एकदम चढल्याचा, मग काहीच नाही.

जोतीमामा माझ्या आधी पळाला.

मोरीची डावी बाजू गेली होती. ट्रॅक्टर ओढ्यात उलटा होता, पुढची चाकं वर. ट्रॉली त्याच्यावर आलेली आणि दगड सगळे बसण्याच्या जागेवर. आम्ही दोघं दगड काढायला लागलो. एकेक दगड दोघांना मिळून हलत होता. जोतीमामा सारखा “पोपटा, ए पोपटा, आवाज दे रं” म्हणत होता. गावातून माणसं येईपर्यंत आमच्या हातांची सालटी निघाली होती. पोपट सापडला तेव्हा त्याचा टॉवेल डोक्याला तसाच गुंडाळलेला होता. बाकीचं मी सांगणार नाही.

अनुसयाबाई आल्या. कोणी त्यांना धरायला गेलं तर त्यांनी हात झटकला. ओढ्यात उतरल्या, त्याच्याजवळ बसल्या आणि त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसत राहिल्या. रडल्याचा आवाज मला आला नाही. पोपटची बायको वर रस्त्यावर आडवी पडली होती, तिच्या किंकाळ्या तेवढ्या येत होत्या.

संध्याकाळी पोलीस आले, पंचनामा झाला. ‘प्रमाणाबाहेर भार भरल्याने व चालकाच्या निष्काळजीपणामुळे.’ पंच म्हणून माझीही सही आहे त्यावर. हवालदारानं मला एकच प्रश्न विचारला होता.

“सकाळपासून किती वेळा गेला हा?”

“एकदा,” मी म्हणालो. “मी बघितला तो एकदाच.”

हवालदाराच्या मागं जोतीमामा उभा होता. त्यानं मान खाली घातली.

गणना मात्र थांबवता येत नाही. सात दिवस म्हणजे सात दिवस. साहेबांचा निरोप आला: रस्ता बंद पडल्याचे दोन दिवस सोडून पाच दिवसांची सरासरी काढा, पण तंबू हलवू नका. शनिवारी आम्ही बसून होतो. ओढ्यातून वाट काढून दोन मोटारसायकली आणि एक सायकल गेली. मी तीन रेघा मारल्या.

रविवारी दुपारी अनुसयाबाई आल्या. पिशवी काखेत नव्हती. मी उठून उभा राहिलो. त्या सतरंजीवर बसल्या.

“सायब, आज शेवटचा दिस न्हवं?”

“हो.”

“भरलं का तीनशे?”

मी तक्ते आवरायला लागलो.

“पोपटच्या समद्या खेपा मांडल्याता न्हवं?”

“मांडल्यात.”

“दावा.”

“बाई, ते सरकारी कागद आहेत, तुम्हाला…”

“मला अक्षर कळत न्हाय सायब. रेघा कळत्यात. दावा.”

मी जोतीमामाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत म्हणाला, “दावा त्यांस्नी.”

मी शुक्रवारचा तक्ता त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी विचारलं, ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरचा रकाना कुठला. मी बोट ठेवलं. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. कागद उलटा करून मागं काही आहे का ते पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

“हितं येकच हाय,” त्या म्हणाल्या.

त्या रकान्यात एकच रेघ होती. गुरुवारपासून मी प्रत्येक वाहनाची दिवसात एकदाच रेघ मारत होतो. साहेब गेल्यावर मी ठरवून टाकलं होतं की फुकटच्या फेऱ्या मांडायच्या नाहीत. पण फेऱ्या थांबवा हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर मी घाबरलो हेही सांगावं लागलं असतं, आणि ज्या गावानं मला तीन दिवस डोक्यावर घेतलं होतं त्याच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेना. उद्या सांगू, असं म्हणत मी दोन दिवस हात वर करत राहिलो. दगड भरलेली ती ट्रॉली त्या मोरीवरून सात वेळा गेली ती कशासाठीच नाही.

“त्यो घरी जेवाय आला तवा म्हणला, आई, पाच झाल्या, सायबानं पाची बार हात वर केला.” बाईंचा आवाज अगदी साधा होता. “तुमी हात वर केला हुता का न्हाय?”

“केला होता.”

“मंग?”

“साहेब आले होते बाई. माझी नोकरी गेली असती.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शिव्या देतील, तोंडात मारतील, असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला का न्हाय सांगितलं? गुरवारी सांजच्याला म्या आल्ते की. भाकरी घिऊन आल्ते. बाई, बास करा, येवढं म्हणायचं हुतं. म्या त्येला ट्रॅक्टरला हात लावू दिला नसता.”

मी म्हणालो, “चुकलं माझं.” ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाही किती कमी आहेत ते कळत होतं.

त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली.

“आता मांडा.”

“बाई…”

“माझ्या म्होरं मांडा. त्येचं काम वाया जाऊ देणार न्हाय म्या. आठ मांडा.”

आधीच्या एका रेघेपुढं मी सात रेघा मारल्या. त्या बोटानं मोजत होत्या. एक जुडी, वर तीन.

“आता गणपाची जीप. गुरवारी सा, शुक्रवारी पाच. म्हादू पुकळ्याची बैलगाडी, दोनी दिस चार-चार.” सुतकात बसलेली ती बाई एकेक नाव सांगत गेली, कोण कधी निघालं, किती खेपा, कुठं अडलं, आणि मी रेघा मारत गेलो. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. सगळं झाल्यावर मी बेरीज केली. पाच दिवसांची सरासरी तीनशे आठ येत होती.

“भरलं?”

“भरलं.”

“मंग पूल हुईल.”

“व्हायला हवा.”

त्या उठल्या. जाताना जोतीमामाला म्हणाल्या, “दिसाला या जोतीराम. ह्येंस्नी बी आणा.”

मी दहाव्याला गेलो नाही.

सोमवारी ऑफिसात बसून मी तक्त्यांची स्वच्छ प्रत केली. वर जाते ती स्वच्छ प्रत. पेन्सिलचे तक्ते पुढं फाडून टाकतात. गुरुवारपर्यंत सगळं सुरळीत उतरवलं. मग डोक्यात हवालदार आला. एकदाच गेला, असं मी सही करून सांगितलं होतं. आठ रेघा वर गेल्या तर कोणीतरी विचारणारच: बाजार नाही, बांधकाम नाही, मग दगड भरून हा माणूस आठ वेळा का गेला, आणि समोर बसलेला अभियंता काय करत होता? माझा स्वतःचाच अहवाल फाईलमध्ये होता. मोरी धोकादायक. सही परुळेकर.

मी शाईनं एक लिहिलं. जीपची एक, बैलगाडीची एक. गुरुवारचं पान फाडून तेही पुन्हा लिहिलं. सरासरी दोनशे ऐंशी आली. पेन्सिलचे तक्ते मी घरी नेऊन चुलीत घातले. इनामदार साहेबांनी प्रत पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सहा महिन्यांनी शेरा आला. ‘वाहतूक अपुरी. प्रस्ताव अमान्य.’ मोरीच्या जागी सिमेंटचे दोन नळ टाकून वर मुरुम पसरला. पहिल्याच पावसाळ्यात तो वाहून गेला.

मी त्या तालुक्यात आणखी तीन वर्षं होतो. कायम झालो, लग्न झालं, मुलगी झाली. अनुसयाबाईंचं सरपंचपद गेलं, तरी दर पावसाळ्याआधी त्या ऑफिसात यायच्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहून विचारायच्या, “सायब, कागद कुठवर आला?” मी म्हणायचो, “वर गेलाय.” त्या बरं म्हणून निघून जायच्या. जोतीमामा त्या दिवशी ऑफिसच्या आवारात असला तर मागच्या दारानं निघून जायचा.

माझी बदली झाली तेव्हा माझ्या जागी धायगुडे नावाचा एक नवा अभियंता आला. कार्यभार देण्याचा दिवस होता. मी यादी वाचत होतो, तो फाईल उघडून खूण करत होता. बोरमाळची फाईल त्याच्या हातात होती, तेवढ्यात अनुसयाबाई दारात आल्या. बऱ्याच वाळल्या होत्या.

“बदली झाली म्हणं,” त्या मला म्हणाल्या. मग धायगुडेकडे वळल्या. “तुमी नवं सायब का? बोरमाळच्या पुलाचा कागद वर गेलाय, तेवढं बगा. लई दिस झालं.”

“बघतो की बाई,” धायगुडे म्हणाला आणि फाईलचं पान उलटू लागला.

“ह्येंनी लई केलं आमच्या गावासाठी,” त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “चुकी झाल्ती ह्येंची. पर नीट केली. त्या शुक्रवारी माझ्या पोराच्या ट्रॅक्टरच्या आठ खेपा हुत्या, त्या समद्या मांडल्या. येक बी सोडली न्हाय. माझ्या म्होरं मांडल्या, म्या सोता मोजल्या.”

धायगुडेचं बोट शुक्रवारच्या तक्त्यात, ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरच्या रकान्यावर थांबलं. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं.

“हो का, सर?”

“हो,” मी म्हणालो.